विश्लेषण : एक नंबर, दोन बोटी! नौकेची ओळखच चोरीला गेली तर मालकाचे काय होते?

पुण्यात राहणाऱ्याच्या मोबाइलवर नागपूरचे ई-चलान येते. गाडी तर आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमधून हललेलीही नसते. चलानवरचा फोटो उघडला की उलगडा होतो. नंबर आपला, गाडी भलत्याचीच. वाहनांच्या बाबतीत हा प्रकार आता अनेकांच्या परिचयाचा झाला आहे. समुद्रावरही तो घडतो. मात्र तिथे चौकात कॅमेरा नसतो आणि नंबर प्लेटही नसते. असतो तो नाळेवर आणि केबिनवर रंगाने लिहिलेला एक क्रमांक. तो दुसऱ्या बोटीवर लिहायला रंगाचा एक डबा आणि अर्धा तास पुरतो. पुढे त्या क्रमांकाची बोट बंदीच्या काळात पकडली गेली, की नोटीस येते ती कागदावर ज्याचे नाव आहे त्याला.

बोटीची ‘ओळख’ म्हणजे नेमके काय?

मासेमारी नौकेची ओळख एका कागदावर ठरत नाही. पहिला कागद नोंदणी प्रमाणपत्राचा. 1958 च्या मर्चंट शिपिंग अ‍ॅक्टमध्ये मासेमारी नौकांसाठी स्वतंत्र भाग आहे आणि त्यानुसार राज्यांचे मत्स्यव्यवसाय विभाग ही नोंदणी करत आले. (या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संसदेने 2025 मध्ये मंजूर केला.) नोंदणी झाली की ‘आयएनडी’, मग राज्याचे ‘एमएच’ किंवा ‘जीजे’, मग विभागाचा अंक, यांत्रिक नौका असल्यास ‘एमएम’ आणि शेवटी अनुक्रमांक, अशी रचना असलेला क्रमांक मिळतो.

दुसरा कागद मासेमारी परवान्याचा. महाराष्ट्रात तो 1981 च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली मिळतो. कोणत्या पद्धतीने मासे धरायचे, ट्रॉलने, डोलीने की पर्ससीनने, हे त्यावर ठरलेले असते. त्याखेरीज विमा, बँकेचा बोजा, सोसायटीतील नोंद, डिझेल कोटा हे सगळे त्याच क्रमांकाला जोडलेले असते. प्रवासी लाँच आणि स्पीडबोटींचा कारभार वेगळा, तो महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे.

मोटारीचा चासी नंबर लोखंडात कोरलेला असतो. नंबर प्लेट बदलली तरी चासी खरे बोलते. गावच्या सुताराने किनाऱ्यावर बांधलेल्या लाकडी नौकेला असा जन्मखुणेसारखा क्रमांक सहसा नसतोच. इंजिनावर नंबर असतो खरा, पण इंजिने बदलली जातात, विकली जातात. त्यामुळे बोटीची ओळख लाकडात नसते, ती कागदात आणि रंगात असते. ही फसवणूक मुळात शक्य होते ती यामुळेच.

ओळख चोरतात तरी कशी?

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याच्या बोटीवरचा नंबर उचलून आपल्या बोटीवर लिहिणे. शक्यतो दूरच्या बंदरातल्या बोटीचा, म्हणजे दोन्ही बोटी एका जेट्टीला शेजारी-शेजारी लागायची भीती नाही. त्यातही रंग आणि लांबी मिळतीजुळती बघितली जाते.

दुसरा मार्ग अधिक मुरलेला आहे आणि त्यात अनेकदा कुणी चोर नसतो, निष्काळजीपणा असतो. जुनी बोट मोडीत निघते. लाकूड सरपणाला जाते, इंजिन भंगारात जाते, पण नोंदणी रद्द करून घ्यायला कुणी कार्यालयात जात नाही. कागदावर बोट जिवंतच राहते. मग नवी, मोठी, जास्त ताकदीच्या इंजिनाची बोट बांधली जाते आणि तिच्यावर जुना नंबर चढतो. बोट चुलीत गेली आणि नंबर मात्र समुद्रात फिरतो आहे, असा हा प्रकार.

तिसरा मार्ग खरेदी-विक्रीतून जातो. एका राज्यातली बोट दुसऱ्या राज्यात विकायची तर मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला घ्यावा लागतो, तिथली नोंदणी रद्द व्हावी लागते आणि नव्या ठिकाणी नव्याने नोंदणी करावी लागते. यात हेलपाटे पडतात. म्हणून स्टॅम्पपेपरवर सौदा होतो, पैसे हातात पडतात आणि बोट जुन्याच नंबरावर नव्या बंदरात धंदा करू लागते. इकडे विकणाऱ्याने तोच नंबर आपल्या दुसऱ्या बोटीवर लावला, की एका नंबराच्या दोन बोटी तयार. यात घेणारा फसला आहे हे त्याला कळायला कधी कधी बरीच वर्षे जातात.

चौथा प्रकार सीमेवरचा आहे. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेने पकडलेल्या शेकडो भारतीय नौका आजही तिकडेच आहेत. त्या बहुतेक गुजरातच्या, पण त्यांवर खलाशी म्हणून गेलेले अनेक जण पालघर जिल्ह्यातले असतात. खलाशी सुटून येतात, बोटी येत नाहीत. या बोटींवर अस्सल भारतीय नंबर आहेत. नोंदणीच्या दप्तरात त्यांच्यापुढे ‘पाकिस्तानच्या ताब्यात’ असा शेरा आहे की नाही, हा म्हणूनच कारकुनी प्रश्न नाही.

खोट्या नंबराची गरज कुणाला पडते?

सगळेच दहशतवादी किंवा तस्कर नसतात. बहुतेकांना फक्त परवाना हवा असतो आणि तो मिळत नसतो. समुद्रात मासे कमी आणि बोटी जास्त झाल्याने सरकारने परवान्यांवर मर्यादा घातल्या. पर्ससीनचेच उदाहरण घ्या. सोमवंशी समितीच्या शिफारशींवरून फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य सरकारने या नौकांचे परवाने टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत खाली आणण्याचे धोरण जाहीर केले. नवे काही मिळणार नसेल तर जुन्या नंबराला भाव येतो. टॅक्सीच्या परमिटचे जे झाले होते, तेच इथे होते.

दुसरे कारण डिझेलचे. मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत नौकांना कोटा मंजूर होतो आणि मूल्यवर्धित कराचा परतावा मिळतो. एका फेरीच्या खर्चात डिझेलचा वाटा सर्वांत मोठा असल्याने कागदावरची एक जादा बोटही पैसे देऊन जाते. शिवाय 1 जून ते 31 जुलै या पावसाळी बंदीत किंवा बंदी असलेल्या एलईडी दिव्यांच्या मासेमारीसाठी बाहेर पडायचे असेल, तर पकडले गेल्यावर दंड दुसऱ्याच्या नावावर पडलेला कुणाला आवडणार नाही?

मूळ मालकाला नेमका काय फटका बसतो?

समजा, रत्नागिरीच्या एका नाखवाची बोट इंजिनच्या कामासाठी महिनाभर बंदरात उभी आहे. त्याच महिन्यात दुसऱ्या जिल्ह्यात त्याच्या नंबराची बोट गस्ती पथकाला निषिद्ध क्षेत्रात दिसते. पथक फोटो काढते, बोट अंधारात निसटते. नंबर प्रणालीत टाकला की नाव नाखवाचे. अहवाल जातो, सुनावणीची नोटीस निघते. ती हातात पडते तेव्हाच त्याला आपली ‘दुसरी बोट’ असल्याचे कळते.

2021 च्या सुधारणेनंतर महाराष्ट्रातील दंडाच्या रकमा हजारांतून लाखांत गेल्या. पूर्वी ही प्रकरणे तहसीलदारांपुढे चालत, आता ती मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांपुढे चालतात. निकाल लवकर लागावा हा त्यामागचा हेतू आहे आणि तो योग्यच आहे. पण वेग वाढला की चुकीच्या माणसाला बचावाची तयारी करायला मिळणारा वेळही कमी होतो, हे लक्षात कोण घेतो? आपली बोट त्या रात्री तिथे नव्हती, हे नाखवालाच दाखवावे लागते. बोट कुठे होती याची नोंद ठेवण्याची सवय आपल्याकडे किती जणांना आहे?

दंड ही तर केवळ सुरुवात असते. प्रकरण मिटेपर्यंत परवान्याचे नूतनीकरण अडते. परवाना नाही म्हणून डिझेल कोट्याच्या यादीतून नाव गळते आणि आधीच उशिरा येणारा परतावा आणखी लांबतो. बोट अवरुद्ध झाली तर ती बंदरात कुजते. लाकडी बोट वापरात नसली की फार लवकर खराब होते, हे किनाऱ्यावर कुणालाही विचारा. खलाशांना हंगामाच्या सुरुवातीला आगाऊ रक्कम दिलेली असते. बोट उभी राहिली की ते दुसऱ्या मालकाकडे जातात आणि उचल बुडते. ऑगस्ट-सप्टेंबरचे पहिले काही आठवडे हातचे गेले तर वर्षभराच्या कर्जाचे हप्ते कशातून फेडायचे?

विम्याचे दुखणे निराळेच. बोट बुडाली किंवा आग लागली आणि दाव्याच्या वेळी सर्वेक्षकाला त्याच नंबराची दुसरी बोट समुद्रात हिंडताना आढळली, तर बुडालेली बोट विमा उतरवलेलीच होती कशावरून, हा प्रश्न तो विचारणारच. बँकही तारण म्हणून कागदच पाहते. बोट विकायला काढली तर शहाणे गिऱ्हाईक नंबराची चौकशी करून परत जाते. म्हणजे ज्याने काहीच केले नाही, त्याच्या मालमत्तेची किंमत घसरते.

आणि ज्याने दुसऱ्याची ओळख लावलेली बोट नकळत विकत घेतली, त्याची अवस्था याहून वाईट. मूळ मालकाकडे निदान खरे कागद असतात, याच्याकडे फक्त स्टॅम्पपेपर असतो.

‘कुबेर’ने काय दाखवून दिले?

23 नोव्हेंबर 2008 रोजी दहा दहशतवाद्यांनी पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका भर समुद्रात ताब्यात घेतली. तिच्यावरील पाचही जणांचा जीव घेतला गेला, तांडेलाला मुंबईपर्यंत बोट आणायला लावून मारण्यात आले. ‘कुबेर’चा नंबर खोटा नव्हता. तो खरा होता, आणि नेमका तोच तिचा उपयोग होता. भारतीय बनावटीची, भारतीय नंबराची मासेमारी नौका कुणाच्या नजरेत भरली नाही. नंतर मालकाची चौकशी झाली, नौका पुरावा म्हणून ताब्यात राहिली.

त्याच तपासातला दुसरा धागा कमी बोलला गेला. ‘कुबेर’वरून किनाऱ्यावर येण्यासाठी वापरलेल्या रबरी डिंगीला यामाहाचे इंजिन होते. त्या इंजिनाचा माग कराचीतील दुकानापर्यंत गेला आणि फेब्रुवारी 2009 मध्ये पाकिस्तानचे तत्कालीन गृह खात्याचे प्रमुख रेहमान मलिक यांनी ते जाहीरपणे मान्य केले. यंत्रावर कोरलेला क्रमांक सीमेपलीकडचे बोलून गेला. रंगाने लिहिलेल्या क्रमांकाकडून ही अपेक्षा करता येत नाही.

ओळख शाबूत असली की काय होते, हे ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरच्या किनाऱ्यावर दिसले. तीन एके-47 रायफली असलेली बेवारस नौका लागल्याने रायगड जिल्ह्यात नाकाबंदी झाली. पण तिचे नाव ‘लेडी हान’, मालकीण ऑस्ट्रेलियन, इंजिन बंद पडल्याने खलाशांना मस्कतच्या समुद्रात जूनमध्येच वाचवण्यात आलेले, ही सगळी कुंडली त्याच दिवशी विधानसभेत सांगता आली.

मग ट्रान्सपाँडर, क्यूआर कोड यांचा उपयोग नाही का?

आहे, आणि बराच आहे. 26/11 नंतर नौकांची नोंदणी ‘रिअलक्राफ्ट’ या ऑनलाइन प्रणालीवर आली. राज्यनिहाय रंगसंगती ठरली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. 20 मीटर व त्याहून लांब नौकांना एआयएस यंत्रणा सक्तीची झाली. 30 ऑगस्ट 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पालघरमधूनच देशव्यापी ट्रान्सपाँडर योजनेचा प्रारंभ केला. किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतील 1 लाख नौकांवर इस्रोच्या तंत्रज्ञानाची उपकरणे मोफत बसवण्याची ही योजना सुमारे 364 कोटी रुपयांची आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रातील मासेमारीसाठी नियम केले. राज्याची हद्द संपते त्या 12 सागरी मैलांपलीकडे जाणाऱ्या यांत्रिक नौकांना आता ‘रिअलक्राफ्ट’वरून प्रवेश पास घ्यावा लागणार आहे.

यात एक मेख आहे. ट्रान्सपाँडर बोटीला नव्हे, बोटीवर बसवलेल्या डब्याला ओळखतो. डबा काढून दुसरीकडे लावता येतो, बंदही करता येतो. सिग्नल म्हणजे बोट नव्हे, याचा अनुभव रायगडच्या पोलिसांनी जुलै 2025 मध्ये घेतला. रेवदंड्याजवळ रडारवर पाकिस्तानी बोट दिसल्याने रात्रभर शोधाशोध झाली. अखेर ती बोट नसून मासेमारीच्या जाळ्याला लावलेला, वाहत आलेला बोया असल्याचा निष्कर्ष निघाला.

दुसरे असे की सगळे व्यवहार एका क्रमांकावर आले, की तो क्रमांक चुकीच्या हातात गेल्याचे नुकसानही एकवटते. पूर्वी एका कार्यालयात नाव खराब झाले तर दुसऱ्या कार्यालयाला पत्ता नसे. आता एका प्रणालीत ठपका आला की पास, परवाना, कोटा सगळेच एकदम अडू शकते. डिजिटल नोंदणीला विरोध करण्याचे हे कारण नाही. परंतु ‘हा नंबर माझा आहे, ती बोट माझी नाही’ ही तक्रार नोंदवून तात्पुरते संरक्षण देणारी सोय त्याच प्रणालीत असायला हवी, ही मागणी मच्छीमार संस्थांनी लावून धरण्यासारखी आहे.

मोठ्या जहाजांना हा धोका नाही?

त्यांचे क्रमांक पक्के असूनही आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी क्रमांक 1996 पासून मोठ्या जहाजांना सक्तीचा आहे. जहाजाचे नाव, मालक, ध्वज बदलला तरी तो बदलत नाही आणि तो कायमस्वरूपी कोरावा लागतो. त्यातला शेवटचा अंक आधीच्या सहांवरून हिशेबाने येतो, त्यामुळे मनाला येईल तो आकडा लिहून चालत नाही. यावर तोड म्हणून मोडीत निघालेल्या जहाजाचा खरा क्रमांक वापरला जातो. निर्बंध चुकवून तेल वाहणाऱ्या अशा टँकरना ‘झॉम्बी’ जहाजे म्हणतात. अमेरिकेत छोट्या बोटींच्या सांगाड्यावरही 1972 पासून 12 अक्षरांचा क्रमांक असतो. 1984 पासून तोच क्रमांक बोटीवर दुसऱ्या, नजरेआडच्या जागीही टाकावा लागतो. दिसणारा खोडला तरी लपलेला सापडावा, इतका साधा विचार. आपल्याकडे नव्या फायबर बोटींपासून तरी अशी सुरुवात करायला मोठा खर्च येणार नाही.

मालकाने आपल्यापुरते काय करावे?

आपल्या नंबराची दुसरी बोट असल्याची नुसती कुणकुण लागली तरी नोटिशीची वाट पाहू नये. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिच्या प्रतीवर आवक शिक्का व तारीख घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. नोटीस येण्याआधीची तारीख असलेली ही एक प्रत सुनावणीत इतर दहा कागदांपेक्षा जास्त उपयोगी पडते. त्याच दिवशी सागरी पोलीस ठाण्यातही तक्रार द्यावी. फसवणूक, बनावट दस्तऐवज तयार करणे आणि तो खरा म्हणून वापरणे, यांसाठी भारतीय न्याय संहितेत अनुक्रमे 318, 336 आणि 340 ही कलमे आहेत. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेतला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार पोलीस अधीक्षकांकडे लेखी दाद मागता येते. सोसायटी, बँक आणि विमा कंपनीला तक्रारीची प्रत पाठवून ठेवावी.

बोट त्या दिवशी कुठे होती, हे सांगणारे पुरावे रोजच्या धंद्यातच तयार होत असतात. आपण ते फेकून देतो, एवढेच. डिझेलची आणि बर्फाची पावती, लिलावाचे बिल, बंदरावरच्या सुरक्षा रक्षकाच्या वहीतील ये-जा नोंद, गॅरेजवाल्याचे बिल, ट्रान्सपाँडरचा माग. मोबाइलमध्ये लोकेशन सुरू ठेवून काढलेला फोटोही चालतो. कार्यालयाकडील नोंदी मिळत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा.

जुनी बोट घेताना इंजिनाचा क्रमांक कागदाशी स्वतः ताडून पाहावा, लांबी-रुंदी टेपने मोजावी आणि मूळ नोंदणी कार्यालयात फोन करण्याऐवजी प्रत्यक्ष जाऊन नंबर जिवंत आहे की रद्द, त्यावर बोजा किंवा प्रकरण आहे का, हे विचारावे. विकणाऱ्याने नोंदणी रद्द झाल्याचा किंवा हस्तांतराचा कागद आपल्याकडेही ठेवावा, कारण उद्या ती बोट कुठे सापडली तर पहिला फोन त्यालाच येणार आहे. समुद्रात आपल्याच नंबराची अनोळखी बोट दिसली तर जवळ जाऊन वाद घालू नये. शक्य तर दुरून फोटो काढून सागरी सुरक्षेच्या 1093 वर किंवा तटरक्षक दलाच्या 1554 वर कळवावे.

जून-जुलैमध्ये बोट किनाऱ्यावर शाकारलेली असते, तेव्हा हाताशी वेळ असतो. तळापासून केबिनपर्यंत, जुनी डागडुजी, बदललेली फळी, इंजिनाची पाटी, सगळ्याचे तारीखवार फोटो याच दिवसांत काढून ठेवता येतात. दोन बोटी एका नंबराच्या असू शकतात, पण दोघींच्या फळ्यांवरचे ठिगळ एकाच जागी नसते.